पहिल्या रविवारची बैठक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सभेतील भाषणाचा लेखरूप मजकूर)



मी व्यवसायाने कापड व्यापारी आणि शिक्षणाने बी.कॉम. कापडाचा पोत, पन्हा आणि उधारीची वसुली यांवर मी दोन तास बोलू शकेन. हृदयावर बोलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. तरीही कार्यकारिणीने आग्रह धरला की, धर्मशाळेच्या मागील खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरणारी हृदयरुग्णांची बैठक कशी सुरू झाली, हे मीच सांगावे. ते सांगायचे तर प्रथम घरातील एक गोष्ट उघड करावी लागेल. माझी पत्नी समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी मी काल रात्री घेतली आहे. "सगळे सांगा, आपला भाग गाळू नका," एवढीच अट तिने घातली.

२००७ साली तिच्या हृदयाची झडप बदलली. लहानपणी घसा सुजून ताप आला, पुढे सांधे सुजले, महिनाभराने उतरले आणि घरचे विसरून गेले. तो ऱ्हुमॅटिक फीवर होता, हे तीस-पस्तीस वर्षांनी जिना चढताना दम लागू लागला तेव्हा कळले. घशातील जंतूंशी लढताना शरीराची संरक्षणशक्ती चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. झडप हळूहळू जाड होते, आकसते, आणि ऐन संसाराच्या वयात हिशेब समोर येतो.

शल्यचिकित्सकांनी आम्हाला दोन प्रकारच्या झडपा समजावून सांगितल्या. एक प्राण्याच्या ऊतीपासून, म्हणजे डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून तयार होणारी, आणि दुसरी यांत्रिक. पहिलीला रक्त पातळ ठेवणारी गोळी सहसा जन्मभर लागत नाही, परंतु तरुण वयाच्या रुग्णात ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते. दुसरी टिकते, पण गोळी आजन्म. जैन घरात या प्रश्नाचे उत्तर काय येणार, हे मी आपल्याला सांगायला नको; वय पाहता डॉक्टरांचे मतही यांत्रिक झडपेकडेच होते. तिला बसविलेली झडप तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली आहे. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम एका रुग्णाला बसविण्यात आली. धातूच्या कड्यात कलती होणारी एक चकती, आणि कड्याभोवती पॉलिएस्टरच्या कापडाची गोल पट्टी. त्या पट्टीतून टाके घालून झडप हृदयात शिवतात. डॉक्टरांनी नमुना हातात दिला तेव्हा मी नकळत त्या कापडाचा पोत चाचपून पाहिला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, अमेरिकेतील डॉ. डीबेकी यांनी १९५०च्या दशकात कृत्रिम रक्तवाहिनी करण्यासाठी ह्यूस्टनच्या एका दुकानातून डेक्रॉनचे कापड विकत आणून घरच्या शिवणयंत्रावर शिवले होते. आपल्या धंद्याचा असाही उपयोग होतो, हे त्या चिंतेच्या दिवसांतही ऐकून बरे वाटले.

त्या झडपेचा आवाज येतो. रात्री सर्वत्र सामसूम झाली की टिक, टिक. एकदा मंदिरात सामायिकाला सगळे निःशब्द बसले असताना शेजारच्या लहान मुलीने हिला विचारले, "आजी, तुमच्या पदरात घड्याळ आहे का?" पहिली काही वर्षे मी त्या आवाजावरच निर्धास्त होतो. टिकटिक चालू आहे ना, मग सर्व ठीक.

आता माझा भाग सांगतो.

२०१२च्या दशलक्षण पर्वात तिने दहा उपवासांचा संकल्प केला. मला अभिमान वाटला. तिने डॉक्टरांना विचारले का, हे मी विचारले नाही. खरे सांगायचे तर मला नकार ऐकायचा नव्हता, म्हणून विचारले नाही. पारण्याच्या निमंत्रणपत्रिका पाचव्या दिवशीच छापून आल्या होत्या. दुकानातील नोकरांकरवी मी त्या वाटल्याही. तिने काय केले होते, तर उपवासात काही तोंडात घालायचे नाही म्हणून पहिल्याच दिवशी रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद केली होती आणि घरात कोणाला सांगितले नव्हते. नवव्या दिवशी सकाळी मंदिरातून परतताना तिने पायरीवर माझ्याकडे पाहून काही म्हटले, ते शब्द नव्हते, नुसते ध्वनी होते. ओठ एका बाजूला ओघळला होता. उजवा हात पदर सावरेना.

मिरजेला नेले. झडपेवर गुठळी धरून तिचा कण मेंदूत गेला होता. वेळेत उपचार मिळाले, म्हणून आज ती येथे बसली आहे. तरी बोलणे पूर्ववत व्हायला सात-आठ महिने लागले, आणि नातवाचे नाव आजही कधी कधी ओठांवर यायला क्षणभर उशीर होतो. पत्रिका घेऊन लोक दहाव्या दिवशी घरी येत राहिले. सून दारात उभी राहून प्रत्येकाला तेच ते सांगत होती.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक रिक्षाचालक बसलेला असे. त्याच्या बहिणीचीही झडप बदललेली, तीही गोळीच्या घोटाळ्यानेच दाखल झालेली. तिला तपासणीनंतर फोनवर "दोन घ्या" असे सांगण्यात आले होते. सांगणाऱ्याच्या मनात दोन मिलिग्रॅम होते, तिने दोन-दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. आठवड्यात हिरड्यांतून रक्त थांबेना. गोळी न घेतल्याने एक खाट भरली होती आणि दुप्पट घेतल्याने दुसरी. आम्ही दोघेही शिकलेले-सवरलेले, बाहेर बसून एकमेकांना विचारत होतो की हे आपल्याला आधी कोणी का सांगितले नाही. पुढे ध्यानात आले की सांगितले होते. सुटी देताना दिलेल्या कागदावर सारे लिहिलेले होते. तो कागद मी घरी आल्यावर इतर बिलांबरोबर फाईलला लावून ठेवला होता.

डॉक्टरांचा दोष त्यात फारसा नाही. त्यांच्यापुढे रोज पन्नास माणसे उभी असतात. त्यांचे शब्द आणि आपले स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसे घसरतात. "आहार सारखा ठेवा" हे वाक्य कोणीही ऐकते. पण आषाढी चौमासी लागली की आपल्या घरातून पालेभाजी जाते आणि कार्तिकानंतर मेथी, चाकवत, पालक पुन्हा ताटात येतात, त्याचा या वाक्याशी संबंध आहे, हे कोणाच्या लक्षात येते? हिरव्या पाल्यात 'के' जीवनसत्त्व असते आणि ही गोळी नेमकी त्याच्याच विरुद्ध काम करते. पाला अचानक बंद झाला की तेवढीच गोळी जास्त चढते, रक्त अधिक पातळ होते. पाला अचानक वाढला की गोळी उणी पडते. पालेभाजी खाल्ली तरी चालते, सोडली तरी चालते. मात्र खाण्यात असा बदल करताना तपासणी करून मात्रा ठरवून घ्यावी लागते. ही गोष्ट कागदावर नव्हती, कारण कागद लिहिणाऱ्याला आपला चातुर्मास ठाऊक नव्हता.

मग त्या वर्षी दिवाळीनंतर मी आणि तो रिक्षाचालक आमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, अशा रोग्यांना एकत्र बसवायचे आहे. ते म्हणाले, यात नवे काही नाही. १९५१ साली बोस्टनमध्ये डॉ. ड्वाइट हार्केन यांच्या हातून हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या चार रुग्णांनी त्यांच्याच प्रोत्साहनाने 'मेंडेड हार्ट्स' नावाची संस्था काढली. हृदयाला हात लावणेच धाडसाचे मानले जात होते, त्या काळात हे बरे झालेले लोक शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्या रोग्याच्या खाटेपाशी जाऊन बसत. वाचून सांगण्यापेक्षा जगून आलेला माणूस समोर दिसणे निराळे. डॉक्टरांनी एकच बजावले: "कोणाचीही मात्रा तुम्ही ठरवायची नाही. अर्धी गोळीसुद्धा नाही."

२०१३च्या जानेवारीत पहिली बैठक झाली. मी पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या. आली सहा माणसे, त्यांपैकी दोन मी आणि माझी पत्नी. अर्धा तास कोणी बोलेना. मी कापडाच्या गिऱ्हाइकासमोर कधी गप्प बसलो नाही, पण तेथे माझीही वाचा बसली. शेवटी कोपऱ्यातील एका बाईंनी दबक्या आवाजात विचारले, "मेथी चालते का हो?" आणि जणू बांध फुटला. गुडघेदुखीची गोळी घ्यावी का, दात काढायचा तर गोळी कोण बंद करणार, लग्नात पंगतीला सूर्यास्तापूर्वी बसायचे तर संध्याकाळच्या मात्रेचे काय, घरचा काढा चालतो का, रात्री टिकटिक ऐकून झोप लागत नाही ती कशी लावायची. उत्तरे फारच थोडी होती. प्रश्न एका वहीत लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे दिले. आमच्या कामाची पद्धत आजही तीच आहे: प्रश्न आम्ही गोळा करतो, उत्तर डॉक्टर देतात, आणि ते उत्तर घरात कसे पाळले जाईल हे आम्ही एकमेकांना दाखवतो.

रुग्णांना हातात वही देण्याची कल्पना मात्र माझी, आणि तिच्यात माझे बी.कॉम. कामी आले. डाव्या पानावर तारीख, आयएनआर, डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा, तीही मिलिग्रॅममध्ये आणि गोळ्यांच्या संख्येतही, दोन्ही. उजव्या पानावर त्या आठवड्यातील विशेष: ताप, प्रतिजैविक, उपवास, प्रवास, पालेभाजी सुरू वा बंद. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे प्रमाणित गुणोत्तर. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली ते स्वीकारले, त्यामुळे सांगलीचा आकडा मुंबईच्या डॉक्टरांनाही तोच अर्थ सांगतो. निरोगी माणसाचा तो साधारण १ असतो. माइट्रल झडप यांत्रिक असलेल्यांचा बहुधा २.५ ते ३.५ या दरम्यान राखतात, पण प्रत्येकाची मर्यादा त्याचे डॉक्टरच ठरवतात. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. व्यापाऱ्याला रोकड कमी पडणे आणि गोदामात माल अडकणे ही दोन्ही भये ठाऊक असतात, म्हणून मला ते चटकन समजले.

वॉरफरिन हे औषध आधी १९४८ साली उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले, ही माहिती एकदा एका उत्साही सभासदाने बैठकीत सांगितली. एक आजी ताडकन उठल्या. "मी इतकी वर्षे उंदराचे विष खाते आहे?" त्यांना खाली बसवायला पाऊण तास लागला. तेव्हापासून काय सांगायचे आणि काय घरी वाचायचे, याचा थोडा विवेक आम्ही ठेवतो.

खोली मिळण्यात अडचण आली, ती लपविण्यात अर्थ नाही. धर्मशाळेत अन्य समाजाचे रुग्ण कसे बसणार, असा प्रश्न निघाला. दोन सभांमध्ये त्यावर चर्चा झाली. शेवटी तेव्हाच्या एका वयोवृद्ध विश्वस्तांनी, जे आज हयात नाहीत, एवढेच विचारले की अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर हा कापडवाला कोणाच्या शेजारी बसला होता. ठराव संमत झाला. तो रिक्षाचालक आज आमचा खजिनदार आहे. अर्थात खजिना म्हणजे चहाचा डबा. वर्गणी आम्ही घेत नाही आणि औषधविक्रेत्यांकडून काहीही स्वीकारत नाही.

ऑगस्ट २०१९चा महापूर आपण सर्वांनी पाहिला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, कापडपेठेत दुकानांचे पहिले मजले पाण्यात. माझ्या दुकानातील मालाचे काय झाले ते विमा कंपनीला ठाऊक. पण त्या दिवसांत आमच्या वह्यांचा खरा उपयोग कळला. कोणाची किती मिलिग्रॅमची गोळी आणि किती दिवसांची शिल्लक, याची एक प्रत आमच्याकडे होती. तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या दोन घरांत बचावपथकाच्या बोटीतून दुधाच्या पिशव्यांबरोबर गोळ्यांच्या पट्ट्या गेल्या. २०२०च्या टाळेबंदीत तेच काम फोनवर झाले. रक्त घ्यायला घरी कोण येऊ शकेल, याची यादी एका तरुण सभासदाने रात्रीत केली.

आणखी एक विषय थोडा नाजूक आहे. तीनेक वर्षांपूर्वी एक आई बैठकीला आली आणि पूर्ण वेळ मागे बसून राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, मुलीची झडप बदललेली आहे, स्थळ आले आहे, मुलाकडच्यांना सांगितलेले नाही. आपल्या समाजात हे एकच घर नाही. पण ही गोळी गर्भाला, विशेषतः पहिल्या तिमाहीत, अपाय करू शकते. गोळी मनाने बंद केली तर आईच्या जिवाला धोका. म्हणून मूल हवे असेल तर त्याआधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांच्या सल्ल्याने बेत आखावा लागतो. सासर अंधारात असताना ती मुलगी हा बेत कोणाबरोबर आखणार? आमच्या बैठकीतील एक सून, जिचे दोन्ही बाजूंना सर्व सांगून लग्न झाले आणि जिला आज एक मुलगा आहे, ती त्या आईच्या घरी जाऊन आली. स्थळ मोडले. पुढच्या वर्षी दुसरे जमले, यावेळी सांगून. मुलगी माझ्याच दुकानातून शालू घेऊन गेली, म्हणून मला हे ठाऊक आहे.

मुलांविषयी एवढेच, की पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून ताप आला आणि पुढे सांधे सुजले तर ते वाढीचे दुखणे म्हणून सोडू नका. ऱ्हुमॅटिक फीवर एकदा झालेल्या मुलाला पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावे लागते. बोर्डिंगमध्ये असा एक विद्यार्थी आहे. त्याच्या तारखा अधीक्षकांच्या आणि आमच्या, दोन्ही वह्यांत आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी उपवासाच्या विरोधात बोलतो आहे, असा कृपया कोणी अर्थ घेऊ नये. पत्नी बरी झाल्यावर आम्ही दोघे महाराजांच्या दर्शनाला गेलो आणि घडले ते सांगितले. त्यांनी सोळाकारण भावनांमधील शक्तितस्तप या भावनेकडे लक्ष वेधले: तप शक्तीनुसार. औषधावर असलेल्या श्रावकाची शक्ती किती, हे ठरविताना वैद्याला विचारणे हा त्या भावनेचाच भाग आहे, असे ते म्हणाले. तेव्हापासून ती पर्वात एकासन करते, डॉक्टरांना विचारून, गोळी त्याच वेळी घेऊन. सुरुवातीला तिला त्यात कमीपणा वाटे. दहा उपवास करणाऱ्यांची मिरवणूक निघाली की ती खिडकी लावून घेई. यंदा लावली नाही.

परंतु दरवर्षी पर्व जवळ आले की आमच्या वहीत काही पाने कोरी राहू लागतात. ज्यांची पाने कोरी राहतात त्यांना मी फोन करतो. काही उचलतात, काही उचलत नाहीत. न उचलणाऱ्यांपैकी एकाच्या घरी मागील वर्षी मला सांत्वनासाठी जावे लागले. कारण नेमके काय होते ते डॉक्टर सांगतील. उपवासाचा सातवा दिवस होता आणि गोळ्यांची पट्टी अर्धी शिल्लक होती, इतकेच मला दिसले. भिंतीवर आपल्याच ट्रस्टने मागील वर्षी तपाबद्दल दिलेले सन्मानपत्र होते.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी एक विनंती आहे आणि ती मी लेखीही दिली आहे. तपस्वींच्या सत्कारासाठी आपण पर्वापूर्वी नावनोंदणीचा अर्ज भरून घेतो. त्यात एक ओळ वाढवावी: नियमित औषध चालू आहे काय, आणि असल्यास डॉक्टरांना विचारले आहे काय. ज्याचे उत्तर 'विचारले नाही' असे येईल त्याचे नाव वगळू नये, त्याच्याकडे आमच्यापैकी कोणीतरी पर्वाआधी जाऊन येईल. एकासन करणाऱ्या रुग्णांचा उल्लेखही सत्काराच्या यादीत असावा, ही दुसरी, जरा भीतभीत केलेली विनंती. अर्जाचा नमुना माझ्या मुलाने तयार केला आहे. छपाईचा खर्च दुकान करील.

पुढील बैठक नेहमीप्रमाणे पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता, धर्मशाळेच्या मागील खोलीत आहे. रुग्णाबरोबर घरातील एक माणूस यावे. विशेषतः पुरुषांनी यावे, कारण आजवर बायका नवऱ्यांच्या वह्या लिहितात आणि नवरे बायकांच्या लिहीत नाहीत. येताना गोळ्यांची पट्टी बरोबर आणावी, नुसते नाव सांगू नये. चहा-फराळ सूर्यास्ताच्या आत होईल. जय जिनेंद्र.